माइम खेळताना बोलायचं नाही, मग करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "स्पेस स्टेशन 13 खेळायला लागून दोन महिने झाले. चार वेळा माइमची नोकरी घेतली आणि चारही वेळा पंधरा मिनिटांत कंटाळलो. कॉरिडॉरमध्ये अदृश्य भिंत उभी करतो, तर लोक शिव्या देऊन वळसा घालून जातात. एकदा सिक्युरिटीने कोठडीत टाकलं. कागदावर लिहून बोललेलं चालतं का? शेवटच्या राउंडला वैतागून मौनच मोडलं. माझं चुकतंय कुठे?"

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे पुढचं कुठून येतंय ते कळेल. कॉलेजात तीन वर्षं मी युवा महोत्सवात मूकाभिनय केला. ती स्वतंत्र स्पर्धा असते, सहा जणांचा संघ आणि पाच मिनिटं. नोकरी लागल्यावर रंगमंच सुटला, पण हा गेम सापडला आणि गेली आठ वर्षं मी त्यात जवळजवळ फक्त माइमच खेळतो. अमेरिकेतल्या सर्व्हरवर तिकडची संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे पहाट असते, त्यामुळे माझे बहुतेक राउंड ऑफिसला निघायच्या आधीचे.

ज्यांनी गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: 2003 साली हवेच्या दाबाचं आणि वायूंचं सिम्युलेशन म्हणून सुरू झालेला हा प्रकल्प आज एका अवकाशस्थानकावरचं सामूहिक नाटक झाला आहे. स्थानक वरून दिसतं, चौकोनी टाइलांचं. प्रत्येक खेळाडू एक नोकरी घेतो: कॅप्टन, डॉक्टर, इंजिनिअर, आचारी, सफाई कामगार. त्यातच क्लाउन आणि माइम. काही जण गुपचूप गद्दार असतात. सगळं बोलणं टाइप करून चालतं आणि रेडिओ अखंड वाजत असतो. अशा जागी माइम म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, पांढरा मुखवटा, पांढरे हातमोजे आणि फ्रेंच टोपी घातलेला, मौनाची शपथ घेतलेला एक माणूस.

आता मुद्द्यावर येतो. तुम्ही चार राउंड 'न बोलणं' खेळलात. त्याने पंधरा मिनिटांत कंटाळा येणारच, कारण न बोलणं ही करण्याची गोष्टच नाही. माइमचं काम समोरच्याला बोलतं करणं हे आहे. लग्नघरी आदल्या रात्री सिनेमाची नावं ओळखायचा खेळ रंगतो तेव्हा आठवून बघा, खाणाखुणा करणारा एकच असतो आणि आवाज मात्र सगळ्या खोलीचा असतो. "पाणी! नदी! बुडतोय! नाही, पोहतोय!" स्थानकावर तुम्हाला नेमकं हेच घडवायचं आहे. तुमच्या हालचालीचा अर्थ दुसऱ्या खेळाडूने मोठ्याने लावायचा. त्याने लावलेला अर्थ हाच तुमचा संवाद, आणि तो त्याच्या तोंडून येतो म्हणून त्याला तो आपला वाटतो. राउंड संपल्यावर लोक ज्या माइमची आठवण काढतात, त्याच्या आठवणीत बहुतेक वेळा त्यांची स्वतःचीच वाक्यं असतात.

म्हणून गर्दीपुढे खेळू नका, निदान सुरुवातीला. एक माणूस निवडा. कॉरिडॉर ही त्यासाठी सगळ्यात वाईट जागा, तिथे प्रत्येक जण कुठेतरी निघालेला असतो. तुम्ही भिंत उभी केलीत म्हणजे डॉक्टरला जखमीकडे जाताना अडवलंत, त्याला त्यात गंमत का वाटावी? बारमध्ये जा. स्वयंपाकघराच्या खिडकीशी जा. वनस्पती विभागात जा, तिथली मंडळी झाडं वाढायची वाट बघत एकटीच बसलेली असतात आणि कुणी आलं की खरंच खूश होतात. ज्याच्याकडे वेळ आहे, हाताला काम आहे आणि बोलायला कुणी नाही, असा माणूस माइमला हवा.

बारटेंडरचं उदाहरण देतो, कारण तिथे तुमच्या हाती सामानही असतं. बऱ्याच आवृत्त्यांत माइमच्या पिशवीत एक बाटली मिळते, तिच्यातल्या पेयाचं नावच 'काहीच नाही'. काउंटरवर बसा, ती बाटली पुढे ठेवा, एका ग्लासात ओता आणि ग्लास बारटेंडरकडे सरकवा. आणि थांबा. हे थांबणं नव्या माइमला सगळ्यात जड जातं. बारटेंडर दुसरं काहीतरी टाइप करत असेल, त्याचं लक्ष जायला दहा सेकंद लागतील. त्या दहा सेकंदांत तुम्ही आणखी तीन हालचाली टाकल्यात तर चॅटच्या रकान्यात पहिली वर सरकून गेलेली असते आणि त्याला काहीच समजत नाही. एक हालचाल करायची, मग प्रतिसाद, मग दुसरी. रंगमंचावर प्रेक्षकांचा श्वास ऐकू येतो म्हणून थांबायचं कधी ते कळतं. इथे तो ऐकू येत नाही, म्हणून मनात मोजावं लागतं. भारतातून परदेशी सर्व्हरवर खेळताना पिंगमुळे, म्हणजे संदेश तिथवर जाऊन यायला लागणाऱ्या वेळामुळे, आणखी उशीर होतो, तोही धरा.

यापुढे जे सांगतो त्यावर माइमचं सगळं उभं आहे. या गेममध्ये तुमचं शरीर म्हणजे बत्तीस बाय बत्तीस पिक्सेलचं चित्र. ते चार दिशांना तोंड वळवतं, आडवं होतं, गिरकी घेतं, कोलांटी मारतं, शिफ्ट धरून मधलं बटण दाबलं की बोट दाखवतं. बस. बाकीचा सगळा अभिनय तुम्ही लिहिलेल्या इमोटच्या, म्हणजे हालचाल सांगणाऱ्या टाइप केलेल्या, ओळीत असतो. भरताने सांगितलेल्या चार अभिनयांपैकी वाचिक तुम्ही सोडलंत, आहार्य म्हणजे वेष गेमने दिला, आणि आंगिक मात्र शब्दांत लिहायची वेळ आली. म्हणजे मूकाभिनय लिहून करायचा. ही अडचण नीट ओळखली नाही तर माणूस नकळत फसवणूक करतो. तो लिहितो: "कॅप्टनला सांगतो की इंजिनमध्ये आग लागली आहे." हे मौन झालं नाही, हे दुसऱ्या खिडकीतून बोलणं झालं. समोरच्याने ओळखायला काही उरलंच नाही.

कॅमेऱ्याला जे दिसेल तेवढंच लिहा. हेतू लिहू नका, भावनेचं नाव लिहू नका. "आगीबद्दल सांगतो" ऐवजी "कपाळावरचा घाम पुसतो", मग थांबा, मग "हाताने वारा घेतो", मग इंजिन विभागाकडे बोट. "दुःखी होतो" हे कुणाला दिसत नाही. "टोपी काढून छातीशी धरतो" हे दिसतं, आणि त्याबरोबर तुम्ही खरोखर टोपी डोक्यावरून काढून हातात घेतलीत, तर लिहिलेलं आणि चित्र जुळतं आणि त्याचा परिणाम दुप्पट होतो. ओळ पाच-सहा शब्दांची ठेवा. इंग्रजी सर्व्हरवर इंग्रजीत लिहावं लागतं, पण तुमचं इंग्रजी साधं असेल तर उलट बरंच. पुसतो, उचलतो, ढकलतो, वाकतो, डोकावतो, अशी क्रियापदं चाळीसेक असली की राउंड निघतो. विशेषणांची गरज पडत नाही.

तयार इमोटही वापरून बघा. काही आवृत्त्यांत माइमसाठी ते खास बदललेले आहेत: इतरांनी किंचाळायची आज्ञा दिली तर आवाज होतो, माइमने दिली तर तो किंचाळण्याचा अभिनय करतो असं दिसतं. मार बसतोय आणि माइम आवाज न करता हसतोय किंवा किंचाळतोय, ही ओळ पाहून भलेभले हात आवरतात.

भिंतीबद्दल. कॉलेजात आम्हाला शिकवणाऱ्या सरांचं म्हणणं असायचं की हाताने भिंत दाखवू नका, भिंतीने हात थांबवला पाहिजे. हवेतला एक बिंदू ठरवायचा आणि शरीर हललं तरी तळवा त्या बिंदूवरून ढळू द्यायचा नाही. तळवा ढळला की भिंत पडते. गेममध्ये नेमकं उलटं होतं. भिंत खरी असते, समोरच्या टाइलवर ती खरोखर वाट अडवते, तीसेक सेकंद टिकते. त्यामुळे नवा माइम तिला आयतं हत्यार समजतो. तिला अभिनयाचा शेवट माना. आधी गेमने माइमला दिलेल्या भिंतीच्या मंत्राशिवाय, नुसत्या इमोटने भिंत चाचपा. समोरचा म्हणेल, "तिथे काही नाहीये." तुम्ही गोंधळून पुन्हा चाचपा. तो पुढे होऊन दाखवायला जाईल की बघ, मी जातो पलीकडे. तो पलीकडे जाऊ द्या. मग तुम्ही अचंबा करा, त्याच्या मागून जाऊ बघा आणि आपटा. हे दोनतीनदा झालं की मगच खरी भिंत उभी करा आणि आता तो आपटू दे. मी हे बहुतेक राउंडमध्ये करतो. आपटलेला माणूस चिडल्याचं मला आठवत नाही, कारण तोवर तो त्या खेळात आलेला असतो.

काही जागा मात्र पूर्ण वर्ज्य: दवाखान्याचं दार, पळापळीच्या वेळी सुटकेच्या शटलचं दार, आणि सिक्युरिटी कुणाचा पाठलाग करत असेल तो मार्ग. तुम्ही कोठडीत गेलात ते बहुधा या शेवटच्या कारणाने. बहुतेक सर्व्हरवर गद्दार नसलेल्या खेळाडूने गद्दारासारखं वागू नये असा नियम असतो, आणि ऐन धावपळीत उभी केलेली भिंत गुन्हेगाराला मदतच करते. सिक्युरिटीच्या जागी स्वतःला ठेवून बघा, ते रागावले नाहीत तरच नवल.

तरीही कधी पकडलं गेलात तर ती वेळ वाया घालवू नका. एक जवान, एक टेबल, एक खुर्ची, आणि तुम्हाला सोडून जाऊ न शकणारा प्रेक्षक! जवान विचारतो, "तिथे काय करत होतास?" आता सगळा प्रसंग करून दाखवा, त्याची स्वतःची चाल, त्याचं धडपडणंसुद्धा. मी एकदा कोठडीतल्या जवानाची नक्कल त्याच्याच समोर केली. तो आधी गप्प बसला, मग दुसऱ्या जवानाला रेडिओवरून बोलावून म्हणाला, "हे परत कर, याला दाखव." शिक्षा पाच मिनिटांची होती. ती संपल्यावरही मी तिथेच होतो.

कागदाचा प्रश्न मला विशेष आवडला, कारण तो तीनशे वर्षं जुना आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या जत्रांमधल्या नाटकवाल्यांना संवाद म्हणायची बंदी झाली. संवादाचा हक्क आपलाच, असं सरकारी नाट्यगृहाचं म्हणणं होतं. जत्रेतल्या नटांनी काय केलं? ते फलक घेऊन आले. फलकावर गाण्याच्या ओळी लिहिलेल्या, चाल सगळ्यांना माहीत असलेली, आणि प्रेक्षक त्या ओळी मोठ्याने गात. बोलायची बंदी नटांना होती, प्रेक्षकांना नव्हती. पुढच्या शतकात ज्याने पांढऱ्या चेहऱ्याचा पिएरो घडवला त्या झाँ-गास्पार देब्युरोचं नाट्यगृहही परवान्यामुळे मूकनाट्य आणि कसरतींपुरतं मर्यादित होतं. गेममधल्या माइमच्या पांढऱ्या मुखवट्याची परंपरा तिथवर जाते. मौन ही तेव्हाही वरून आलेली अटच होती, तुमच्यावर गेमने घातलीय तशी.

तर कागद चालतो का? आधी तुमच्या सर्व्हरचा नियम बघा. काही ठिकाणी शपथ असेपर्यंत माइमला लिहिताच येत नाही, काही ठिकाणी लिहिता येतं. येत असेल तिथेही परिच्छेद लिहून हातात देऊ नका, ते वाचताना समोरचा गप्प होतो आणि आपल्याला तर त्याला बोलतं करायचंय. जत्रेतल्या फलकासारखं वापरा: कागदावर एकच शब्द, किंवा नुसतं प्रश्नचिन्ह. खडू असेल तर जमिनीवर बाण काढा. पीडीएवरचे, म्हणजे प्रत्येकाकडे असलेल्या छोट्या संगणकावरचे, निरोप मी फक्त जिवावरच्या प्रसंगासाठी ठेवतो.

जिवावरचे प्रसंग येतातच, आणि इथे एक कामाची गोष्ट जी नवे माइम हमखास विसरतात. बाकीचे लोक मरायला टेकले की रेडिओवर ओरडतात. तुम्ही ओरडणार नाही. म्हणून राउंड सुरू झाल्याबरोबर, टोपी नीट करायच्याही आधी, कपड्यातले सेन्सर शेवटच्या खाचेवर न्या, ज्यात प्रकृतीबरोबर ठिकाणही दिसतं. दवाखान्यातल्या पडद्यावर तुमचं नाव लाल झालं तर कुणीतरी शोधत येईल. स्थानकाच्या मागच्या बोळांमध्ये एकटं जाऊ नका. गद्दारांना माइम आवडतो, कारण तो मदत मागत नाही हे त्यांनाही ठाऊक असतं. मी पहिल्या वर्षात असा कितीतरी वेळा मेलो, आणि राउंड संपेपर्यंत कुणाला पत्ताही लागला नाही.

दारं हा रोजचा त्रास. इतर लोक स्थानकाची दारं आणि कॅमेरे सांभाळणाऱ्या एआयला सांगून दार उघडून घेतात. तुम्ही दारापुढे उभे राहून दार ठोठावल्याचा अभिनय करा, कॅमेऱ्याकडे बघून नमस्कार करा, बोट दाखवा. एआय चालवणारा हाडामांसाचा खेळाडू असतो आणि त्याच्याही वाट्याला करमणूक कमीच येते. तो उघडतो. ओळखपत्रावर जास्त परवानग्या हव्या असतील तर कर्मचारी प्रमुखाच्या खिडकीपुढे रांगेत उभे राहा. माइम त्याच्याच हाताखाली असतो. स्वयंपाकघरात जायची परवानगी मागायला मी एकदा त्या खिडकीपुढे अंडी फोडून, फेटून, ऑम्लेट उलटवून, चव घेऊन, मीठ घालून दाखवलं. रांगेतले मागचे तिघे आधी कुरकुरत होते, मग "कांदा राहिला!" असं सांगायला लागले. परवानगी मिळाली. पुढचा तासभर मी आचाऱ्याचा मदतनीस होतो, आणि माझ्या आठ वर्षांतल्या सगळ्यात सुखाच्या राउंडपैकी तो एक आहे.

क्लाउनशी वैर करायची पद्धत पडली आहे. मला ती फार लवकर संपणारी वाटते. मारामारी झाली की दोघांपैकी एक दवाखान्यात जातो आणि खेळ थांबतो. जोडी जमवा. क्लाउन बडबडा, त्याच्या हातात भोंगा, तुम्ही गप्प. तो तुमच्या हालचालींचं मुद्दाम चुकीचं भाषांतर करतो आणि तुम्ही हताशपणे मान हलवता. आपल्या तमाशात सोंगाड्या शब्दांवर खेळतो आणि समोरचा त्याला सरळ चेहऱ्याने धरून ठेवतो, तसंच हे. सरळ चेहरा तुमचा.

गद्दारीबद्दल थोडक्यात. गद्दार झालात तर काही आवृत्त्यांत खास पुस्तकं विकत घेता येतात: एकाने तीन टाइल रुंद भिंत येते, दुसऱ्याने बोटांच्या पिस्तुलातून खऱ्या गोळ्या सुटतात. ताकद मोठी आहे, पण ती वापरली की तुम्ही ओळखले जाता, आणि लोक यापुढच्या राउंडमधल्या माइमलाही घाबरून दूर ठेवतात. मी ती शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखतो. तोवर तासभर जी बोटं गमतीने रोखली, तीच बोटं खरी निघतात, तेव्हा समोरच्याला बसणारा धक्का गोळीपेक्षा मोठा असतो.

आता शपथ मोडण्याबद्दल. तुम्ही वैतागून मोडलीत याचं वाईट वाटून घेऊ नका, नियम त्याची सोय देतो. बहुतेक ठिकाणी मोडली की शक्ती जातात आणि पाच मिनिटांनी पुन्हा शपथ घेता येते. पण मोडायचीच तर एकदाच, आणि ऐकणाऱ्याच्या भल्यासाठी. आठ वर्षांत मी ती तीन वेळा मोडली आहे. एकदा बारमध्ये पंधराएक माणसं बसली होती, मी त्यांच्यासाठी तासभर खेळत होतो, आणि खिडकीतून शेजारच्या कॉरिडॉरमध्ये जांभळा प्लाझ्मा वायू पसरताना मला दिसला. रेडिओवर दुसरीच काही गडबड चालली होती. मी नाक धरलं, दाराकडे बोट दाखवलं, लोक हसले. तो त्यांना खेळाचाच भाग वाटला. मग मी दोन शब्द टाइप केले: "प्लाझ्मा. पळा." बारमध्ये एक सेकंद कुणीच हललं नाही. बारटेंडरने लिहिलं, "माइम बोलला." आणि सगळे एकदम दाराकडे धावले.